जुळलेले उत्तर आणि न जुळलेले उत्तर

अकरावीच्या वर्गाला साध्या लंबकाचा प्रयोग दिला की तासाच्या शेवटी एक प्रसंग हमखास घडतो. एखादा विद्यार्थी जर्नल घेऊन टेबलाशी येतो आणि हळूच विचारतो, “सर, उत्तर ९८० यायला पाहिजे ना? माझे ९४१ येतेय.” आपण घाईत असतो. “अरे, पुन्हा वेळ मोज,” असे म्हणून पुढे जातो. पाच मिनिटांनी त्याच्या जर्नलमध्ये ९७८.६ हे उत्तर सुवाच्य अक्षरात लिहिलेले असते. मधल्या वेळात त्याने लंबकाला हातही लावलेला नसतो, खोडरबर मात्र वापरलेले असते. परीक्षेच्या वेळीही हेच घडते आणि गुणही मिळतात. मी स्वतः अनेक वर्षे असे गुण दिले आहेत. तेव्हा ही तक्रार दुसऱ्या कोणाविरुद्ध नाही.

हा प्रसंग आठवायला निमित्त झाले ते तीन व्याख्यानांचे. १९९७ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स यांना विभागून देण्यात आले. लेसरच्या प्रकाशाने अणू थंड करण्याच्या आणि त्यांना पकडून ठेवण्याच्या पद्धती विकसित केल्याबद्दल हा गौरव होता. पारितोषिक स्वीकारताना तिघांनी दिलेली व्याख्याने ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’ या नियतकालिकाच्या जुलै १९९८ च्या अंकात एकापाठोपाठ एक छापली गेली. नोबेल प्रतिष्ठाननेही ती सर्वांना वाचायला खुली ठेवली आहेत. एकाच शोधाची हकिकत तीन माणसांनी आपापल्या परीने सांगितलेली असल्यामुळे ती शेजारी शेजारी ठेवून वाचण्यात एक निराळाच लाभ होतो. विज्ञानाची हकिकत कशी सांगावी आणि कशी सांगू नये, हे त्यातून कळते.

आपल्याकडे लेखांत आणि वर्गात ही हकिकत बहुधा अशी सांगितली जाते : शास्त्रज्ञांनी अमुक साली कल्पना मांडली, तमुक साली प्रयोगाने ती सिद्ध झाली, पुढे नोबेल मिळाले. लेसर-शीतनाच्या बाबतीत या साच्यात १९७५, १९८५ आणि १९९७ ही तीन वर्षे चपखल बसतात. राहून जाते ते १९८८. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील शिक्षकाच्या सर्वांत उपयोगाचे वर्ष तेच आहे.

काकवीतले अणू

प्रथम प्रकाशाने अणू थंड कसा होतो ते पाहू. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सोडियमचा पिवळा दिवा आपल्या ओळखीचा आहे. त्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर. सोडियमचा अणू नेमका हाच प्रकाश शोषून घेतो. प्रकाशाच्या प्रत्येक कणाला, म्हणजे फोटॉनला, संवेग असतो. समोरून आलेला एक फोटॉन शोषला की सोडियमच्या अणूचा वेग सेकंदाला सुमारे ३ सेंटिमीटरने कमी होतो. भट्टीतून निघणारा अणू सेकंदाला सुमारे १ किलोमीटर वेगाने धावत असतो. म्हणजे त्याला थांबवायला तीस हजारांहून अधिक फोटॉनांचे धक्के हवेत. लेसरच्या झोतात तेवढे धक्के काही सहस्रांश सेकंदात बसू शकतात.

आता लेसरची वारंवारता अणूला हवी असते त्याहून किंचित कमी ठेवायची. डॉप्लर परिणामामुळे जो अणू झोताच्या दिशेने धावत असेल त्याला ती वारंवारता वाढल्यासारखी भासते, आणि तोच तो प्रकाश अधिक शोषतो. वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे असे सहा झोत सोडले, तर अणू कोणत्याही दिशेने निघाला तरी त्याला विरोध समोरूनच होतो. वारा नसलेल्या दिवशी सायकल चालवणाऱ्याला, तो कुठल्याही दिशेने गेला तरी, वारा तोंडावरच लागतो, तसे हे आहे. या सहा झोतांच्या छेदात अणू असे रेंगाळतात की जणू घट्ट पाकात पडले आहेत. इंग्रजीत या रचनेला उसाच्या पाकाचे नाव मिळाले. आपल्याकडे गुऱ्हाळ पाहिलेल्या मुलांना ‘प्रकाशाची काकवी’ म्हटले की लगेच समजते.

उदासीन अणूंसाठी ही कल्पना १९७५ मध्ये हान्श आणि शॉलो यांनी मांडली. त्याच वर्षी वाइनलँड आणि डेमेल्ट यांनी विद्युतभारित अणूंसाठी तशीच कल्पना मांडली. पुढच्या काही वर्षांत तिची मर्यादाही काढण्यात आली. अणू शोषलेला फोटॉन कोणत्याही दिशेने परत फेकतो, त्यामुळे त्याला सतत आडवेतिडवे हिसके बसत राहतात. हे हिसके त्याला तापवतात, तर समोरचा विरोध त्याला थंड करतो. दोहोंचा तोल जिथे साधतो ते या पद्धतीने गाठता येणारे किमान तापमान. त्याला ‘डॉप्लर-मर्यादा’ म्हणतात. ते फक्त अणूच्या वर्णरेषेच्या रुंदीवर अवलंबून असते. सोडियमसाठी ते २४० मायक्रोकेल्विन, म्हणजे केवल शून्याच्या वर एका अंशाचे सुमारे चार हजारावा भाग एवढे.

जुळलेले उत्तर

१९८५ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही काकवी प्रत्यक्षात आणली. तापमान मोजण्याची त्यांची रीत सोपी आणि सुंदर होती. झोत क्षणभर बंद करायचे, अणू मोकळे सोडायचे आणि पुन्हा झोत सुरू करून किती अणू अजून जागेवर सापडतात ते पाहायचे. जितके अणू निसटले असतील तितका त्यांचा वेग अधिक, म्हणजेच तापमान अधिक. उत्तर आले २४० मायक्रोकेल्विन. सिद्धान्ताने सांगितले होते तेही २४०.

आता शिक्षकाच्या नजरेने या आकड्याकडे पाहू. त्या मापनाची अनिश्चितता त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवली होती : वरच्या बाजूला २००, खालच्या बाजूला ६०. म्हणजे खरे तापमान १८० ते ४४० यांमध्ये कुठेही असू शकत होते. मधला आकडा सिद्धान्ताशी तंतोतंत जुळला हा बऱ्याच अंशी योगायोग होता. पण जुळलेल्या आकड्याचा एक गुण असतो, तो मनाला स्वस्थ करतो. २४० ला २४० भेटले की मधली ती २०० ची आणि ६० ची नोंद नजरेआड होते. ते मापन खोटे होते किंवा निष्काळजीपणे केलेले होते, असे मुळीच नाही. मुद्दा एवढाच की उत्तर जुळल्यामुळे पुढचा प्रश्न विचारण्याची निकड उरली नाही. आपल्या विद्यार्थ्याने ९७८.६ लिहिले की आपणही पुढचा प्रश्न विचारत नाही. फरक इतकाच की त्याने ते खोडून लिहिलेले असते आणि बेल प्रयोगशाळेतील उत्तर प्रत्यक्ष मोजलेले होते.

न जुळलेले उत्तर

वॉशिंग्टनजवळच्या गेदर्सबर्ग येथील राष्ट्रीय मानक संस्थेत फिलिप्स यांचा गट हीच काकवी तपासत होता. त्यांच्या व्याख्यानातील हा भाग मुळातून वाचावा असा आहे. या गटाला प्रथम तापमान चुकीचे वाटले नव्हते. खटकल्या त्या लहान लहान गोष्टी. अणू काकवीत किती काळ टिकतात हे ते मोजत होते. सिद्धान्तानुसार लेसरची वारंवारता वर्णरेषेच्या रुंदीच्या निम्म्याने खाली ठेवली असता परिणाम सर्वोत्तम मिळायला हवा होता. प्रयोगात मात्र वारंवारता त्याहून बरीच अधिक खाली नेली असता अणू जास्त काळ टिकत. शिवाय सिद्धान्ताप्रमाणे ज्याची दखलही घ्यायला नको होती अशा क्षीण चुंबकी क्षेत्रानेही काकवी बिघडत असे.

अशा वेळी सर्वांत सोपा मार्ग कोणता, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. झोत नीट जुळले नसतील, काच मळली असेल, असे म्हणून पुढे जायचे. या गटाने तापमान नव्या रीतीने मोजायचे ठरवले. अणूंचा पुंजका सोडून द्यायचा, खाली थोड्या अंतरावर एक क्षीण झोत आडवा ठेवायचा आणि त्यातून अणू केव्हा पडतात ते पाहायचे. पुंजका गरम असेल तर अणू विखुरतात, काही लवकर तर काही उशिरा पोहोचतात. थंड असेल तर ते एका घोळक्याने पडतात. मोजणी केली तेव्हा तापमान आले सुमारे ४० मायक्रोकेल्विन. १९८८ मध्ये सहा जणांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात ४३ हा आकडा आहे आणि अनिश्चितता दोन्ही बाजूंना २०. म्हणजे जास्तीत जास्त ६३ धरले तरी ते डॉप्लर-मर्यादेच्या जवळपासही येत नाही.

ही गोष्ट किती अवघड होती याची कल्पना करा. प्रयोगात तापमान मर्यादेच्या वर राहिले असते तर कोणालाच आश्चर्य वाटले नसते. प्रयोग आदर्श कधीच नसतो, हे सारेच मान्य करतात. पण इथे ते मर्यादेच्या खाली सहापट गेले होते. सिद्धान्त ज्याला अशक्य म्हणतो ते उपकरण आपल्या आपण करून दाखवत होते. या गटाने लगेच नगारा वाजवला नाही. त्यांनी तेच तापमान इतर रीतींनीही मोजून पाहिले. एका रीतीत मोजणीचा झोत पुंजक्याच्या वर ठेवला आणि किती अणू तिथवर उसळतात ते पाहिले. पुढे स्टॅनफर्डला गेलेल्या चू यांच्या गटाने आणि पॅरिसमधील कोहेन-तानुजी यांच्या गटाने स्वतंत्रपणे मोजले, तेव्हा त्यांनाही मर्यादेखालचेच तापमान मिळाले. मग मात्र शंका सिद्धान्ताकडे वळली.

कोणते गृहीतक चुकले?

डॉप्लर-मर्यादेच्या गणितात चूक नव्हती. चूक होती ती गणित ज्या अणूवर केले त्या अणूत. तो अणू कागदावरचा होता. त्याला दोनच ऊर्जापातळ्या होत्या, एक खालची आणि एक वरची. खऱ्या सोडियमची खालची पातळी एकच नसते. तिच्यात अनेक उपपातळ्या दडलेल्या असतात आणि प्रकाशाचे ध्रुवण कसे आहे यावर त्यांचे वर्तन अवलंबून असते. सहा झोत एकमेकांवर पडतात तेव्हा ध्रुवण जागोजाग बदलत जाते. तरंगलांबीच्या अंशाएवढ्या अंतरात ते निराळे होते.

पॅरिसमध्ये दालिबार आणि कोहेन-तानुजी यांनी, तसेच स्टॅनफर्डमध्ये चू यांच्या गटाने १९८९ मध्ये याचे स्पष्टीकरण दिले. प्रकाशामुळे उपपातळ्यांची ऊर्जा किंचित सरकते. ध्रुवण जागोजाग बदलत असल्यामुळे अणूच्या वाटेवर ऊर्जेचे चढ आणि उतार तयार होतात. एका उपपातळीसाठी जिथे टेकडी तिथे दुसरीसाठी दरी. अणू टेकडी चढू लागला की त्याची गतिज ऊर्जा खर्च होते. माथ्याजवळ पोहोचताच प्रकाश त्याला दुसऱ्या उपपातळीत ढकलतो, म्हणजे तो एकदम दरीत येतो. चढून मिळवलेली ऊर्जा उत्सर्जित फोटॉनबरोबर निघून जाते. अणू पुन्हा चढू लागतो, पुन्हा दरीत पडतो. ग्रीक पुराणातील सिसिफस राजाला शिळा डोंगरावर ढकलत नेण्याची आणि ती दर वेळी खाली घसरण्याची शिक्षा होती, त्याच्या नावावरून या क्रियेला ‘सिसिफस-शीतन’ म्हणतात. वेताळाला खांद्यावर घेऊन पुन्हा पुन्हा निघणारा विक्रमादित्य आपल्या मुलांना अधिक जवळचा आहे. नाव कोणतेही घ्या, प्रत्येक फेरीत थोडी शक्ती गळते हे महत्त्वाचे.

या स्पष्टीकरणात एक बोध दडलेला आहे. त्याचे दोन्ही घटक नवे नव्हते. प्रकाशाने अणूला एका उपपातळीतून दुसरीत ढकलण्याची क्रिया कास्त्लेर यांनी १९५० मध्ये सुचवली होती आणि त्यासंबंधीच्या कामाबद्दल त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. प्रकाशामुळे ऊर्जापातळी सरकते हे १९६१ च्या सुमारास पॅरिसमध्येच तरुण कोहेन-तानुजी यांनी दाखवले होते. म्हणजे ज्ञान घरातच होते, पण वेगळ्या खोलीत. गेदर्सबर्गचे तापमान जुळले असते तर ही दोन खोल्यांमधली भिंत आणखी किती काळ उभी राहिली असती, कोण सांगू शकेल?

तीन व्याख्याने, तीन रीती

आता व्याख्यानांकडे वळू. कोहेन-तानुजी यांचे व्याख्यान तिघांत सर्वांत नेटके आहे. आधी प्रकाश अणूवर कोणकोणते परिणाम घडवतो ते सांगायचे, मग त्यांपासून बल कसे निर्माण होते, मग डॉप्लर-शीतन, मग सिसिफस आणि मग त्याहीपलीकडचे, अशी त्याची मांडणी आहे. एखाद्या उत्तम पाठ्यपुस्तकासारखी पायरीमागून पायरी येते. विषय समजून घ्यायचा असेल तर हेच प्रथम वाचावे. मात्र या नेटकेपणाची किंमत आहे. पायऱ्या इतक्या सुबक बसल्या आहेत की वाचणाऱ्याला वाटावे, हे असेच होणार होते. डॉप्लरनंतर सिसिफस येणे अटळ वाटते. प्रत्यक्षात त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये एक न जुळणारा आकडा आणि अनेक अस्वस्थ महिने होते, त्यांचे वजन या मांडणीत जाणवत नाही.

चू यांचे व्याख्यान माणसांचे आणि उपकरणांचे आहे. त्यात बेल प्रयोगशाळेतील वातावरण आहे, आर्थर अश्किन यांच्याशी झालेल्या चर्चा आहेत, आणि अणूंपासून निघून डीएनएच्या धाग्यापर्यंतचा प्रवास आहे. (या अश्किन यांना पुढे २०१८ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, नोबेल मिळाले.) वाचायला हे सर्वांत रंजक. एका क्षेत्रातले साधन दुसऱ्या क्षेत्रात कसे कामी येते हे विद्यार्थ्यांना दाखवायचे असेल तर यासारखे दुसरे उदाहरण नाही. पण विषय इतक्या झपाट्याने बदलतात की एका आकड्यापाशी थांबून त्याच्याशी झगडण्याचा अनुभव वाचकाला मिळत नाही.

फिलिप्स यांचे व्याख्यान लांबलेले आहे. तपशील पुष्कळ, आकृत्या पुष्कळ. तज्ज्ञ नसलेल्या वाचकाला मध्येच दम लागतो. तरीही मी शिक्षकांना याचीच शिफारस करीन. कारण ते घटना घडल्या त्या क्रमाने सांगते. आम्हाला काय अपेक्षित होते, काय दिसले, ते आम्हाला का पटले नाही, मग आम्ही काय केले, हा क्रम त्यात शाबूत आहे. खरे तर प्रयोगाचे जर्नल असेच असायला हवे. एक आक्षेप मात्र नोंदवतो. यश मिळाल्यानंतर मागे वळून पाहताना जुन्या विसंगती ‘पूर्वसूचना’ वाटू लागतात. त्या काळात त्या सूचना नव्हत्या, नुसत्या कटकटी होत्या. प्रयोगशाळेत अशा कटकटी रोज शंभर असतात आणि त्यांतल्या बहुतेक खरोखरच मळलेल्या काचेमुळे असतात. सांगणाऱ्याला शेवट माहीत असल्यामुळे हकिकत सरळ होते, हा दोष या व्याख्यानातही थोडा आहेच. तो वाचकाने आपल्या मनाशी दुरुस्त करून घ्यावा.

प्रत्येक विचित्र रीडिंग म्हणजे शोध नव्हे

इथे कोणी म्हणेल, उद्या विद्यार्थी गुरुत्वीय त्वरण ९४१ घेऊन येईल आणि म्हणेल, “सर, मलाही नवीन काही सापडलेय.” त्याला काय सांगायचे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर घन पदार्थांच्या भौतिकीतील एका अलीकडच्या प्रकरणात मिळते. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील एका गटाने ‘एलके-९९’ नावाचा शिसे, तांबे, फॉस्फरस आणि ऑक्सिजन असलेला पदार्थ नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला अतिसंवाहक असल्याचा दावा केला. एका तापमानाला त्याचा रोध एकदम घसरत होता आणि चुंबकावर त्याचा तुकडा अर्धवट तरंगताना दिसत होता. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून पाहिला. दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा त्यांत आघाडीवर होती. काही आठवड्यांतच चित्र स्पष्ट झाले. रोधाची घसरण तांब्याच्या सल्फाइडच्या भेसळीमुळे होती. हे सल्फाइड १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास आपली रचना बदलते. शुद्ध स्फटिक तर विद्युतरोधक निघाला.

दोन्ही प्रकरणांत न जुळणारा आकडा होता. मग फरक कशात? पहिल्यात तो आकडा अनेक निराळ्या रीतींनी, निराळ्या प्रयोगशाळांत तोच राहिला. दुसऱ्यात तो नमुना शुद्ध होताच नाहीसा झाला. म्हणून विद्यार्थ्याला सांगायचे ते असे : “९४१ आले ना? छान. आता लांबी पुन्हा मोज, गोळ्याच्या मध्यापर्यंत. दोलने २० ऐवजी ५० घे. दुसऱ्या लंबकावर करून पाहा. तरीही ९४१ राहिले तर माझ्याकडे ये, आपण दोघे शोधू.” बहुतेक वेळा लांबी आकड्यापासून गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजलेली निघेल. पण चूक कुठे होती हे त्याला स्वतःला सापडलेले असेल, आणि ९७८.६ पेक्षा त्याची किंमत कितीतरी अधिक आहे.

याचा अर्थ सिद्धान्त दुय्यम असाही घेऊ नये. पुढचीच हकिकत उलट दिशेची आहे. १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइन यांना आपला निबंध पाठवला, त्यातून आइन्स्टाइन यांनी अणूंच्या एका नव्या अवस्थेचे भाकीत केले. ती अवस्था विरळ वायूत दिसायला १९९५ साल उजाडले. कॉर्नेल आणि विमन यांनी कोलोरॅडोतील बोल्डर येथे रुबिडियमचे सुमारे दोन हजार अणू १७० नॅनोकेल्विनच्या आसपास आणले. त्या वाटेवरचा पहिला टप्पा लेसर-शीतनाचाच होता. २००२ मध्ये म्युनिकमधील गटाने प्रकाशाच्या जाळीत असे अणू बसवले आणि झोत प्रखर करताच ते एकेका खळग्यात जखडले गेल्याचे दाखवले. अशा संक्रमणाचा सिद्धान्त घन पदार्थांच्या अभ्यासकांनी १९८९ मध्येच मांडून ठेवला होता. कधी सिद्धान्त पुढे असतो, कधी प्रयोग. विद्यार्थ्याला मात्र आपण एकच दिशा शिकवतो आणि त्यात प्रयोगाचे काम फक्त मान डोलवण्याचे असते.

वर्गासाठी

शेवटी एक गणित. सोडियमच्या पुंजक्याचे तापमान २४० मायक्रोकेल्विन असेल तर कोणत्याही एका दिशेने अणूचा प्रातिनिधिक वेग सेकंदाला सुमारे ३० सेंटिमीटर येतो. ४० मायक्रोकेल्विनला तो सुमारे १२ सेंटिमीटर येतो. सरळ वर उसळलेला असा अणू किती उंच जाईल? वेगाच्या वर्गाला गुरुत्वीय त्वरणाच्या दुपटीने भागा. पहिल्याचे उत्तर साडेचार मिलिमीटरच्या आसपास, दुसऱ्याचे एक मिलिमीटरहून कमी. आता मोजणीचा झोत पुंजक्याच्या वर कुठे ठेवावा म्हणजे दोन तापमानांतला फरक स्पष्ट दिसेल, हे विद्यार्थ्यांना ठरवू द्या. अकरावीच्या गतीच्या समीकरणांवर एका नोबेलविजेत्या प्रयोगाची तपासणी कशी उभी होती, ते त्यांना आपोआप कळेल.

आणि पुढच्या वेळी प्रात्यक्षिकाचे गुण देताना एक करून पाहू. उत्तराच्या रकान्याला थोडे गुण, अनिश्चिततेच्या नोंदीला थोडे, आणि उत्तर जुळले नसेल तर विद्यार्थ्याने पुढे काय केले याला बाकीचे. मंडळाच्या परीक्षेत आपल्या हाती फार काही नसते, पण वर्षभराचे जर्नल आपणच तपासतो. त्यात खाडाखोड दिसली तर रागावू नये. खोडलेला आकडा वाचता येतो का, एवढे पाहावे. मी यंदा माझ्या वर्गाला खोडरबर आणायचे नाही असे सांगितले आहे. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी कारण लिहायचे आणि खाली नवा आकडा लिहायचा. जर्नले पहिल्यापेक्षा कुरूप दिसतात, पण वाचायला अधिक वेळ लागतो.